धामणीच्या लाकडाचे धनुष्य: कामाच्या नोंदी

एकाच अखंड लाकडातून, कोणताही थर न चिकटवता, हाताने घडवलेल्या धनुष्याच्या कामाच्या या नोंदी आहेत. या विषयावर जी माहिती सहज मिळते ती बहुतेक यू, हिकरी किंवा ओसेज ऑरेंज अशा युरोप-अमेरिकेतील लाकडांना धरून लिहिलेली असते आणि तिच्यातील वाळवणीचे हिशेबही तिकडच्या हवेचे असतात. सह्याद्रीच्या पावसात ते हिशेब जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि या कामातील बहुतेक अडचणी शेवटी लाकडातील ओलाव्यापाशीच येऊन थांबल्या, म्हणून त्या भागावर मी अधिक लिहिले आहे.

नोंदींत पाठ म्हणजे धनुष्याची लक्ष्याकडची बाजू, जी दोरी खेचल्यावर ताणली जाते. पोट म्हणजे नेमबाजाकडची बाजू, जी दाबली जाते. आणि पाते म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग. जाडी व रुंदी मिलिमीटरमध्ये, लांबी व खेच (दोरी किती मागे ओढली ते अंतर) इंचांत आणि जोर (तेवढे ओढायला लागणारे बळ) पौंडांत दिला आहे, कारण धनुर्विद्येत हीच मापे चालतात.

11 जून 2023

भोर तालुक्यात मामांच्या मालकीच्या बांधावरचे धामणीचे झाड वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवे झाले होते. खोड सहा इंच व्यासाचे आणि पहिल्या फांदीपर्यंत साधारण साडेसहा फूट सरळ होते. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक असते आणि कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी व कावडीसाठी ते पूर्वापार वापरले जाते, त्यामुळे मामांना माझा बेत थोडा उधळपट्टीचाच वाटला. "दांडे झाले असते की रे याचे चांगले," एवढेच ते म्हणाले आणि स्वतःच घण घेऊन आले.

खोड करवतीने उभे कापण्याऐवजी लोखंडी पाचरा मारून फाळले. करवत सरळ रेषेत जाते, मात्र लाकडातील तंतू सरळ असतातच असे नाही, आणि तंतू मध्येच कापला गेला की धनुष्य वाकवताना नेमके तिथून सोलपट उठते. फाळताना भेग तंतूंच्याच वाटेने जाते, त्यामुळे मिळणारी फाक वाकडी दिसली तरी आतून अखंड असते. पहिली पाचर बुंध्याच्या टोकावर मधोमध मारली, बाजूला भेग दिसू लागताच दुसरी पाचर त्या भेगेत पुढे बसवली आणि मागची मोकळी झाली की ती आणखी पुढे नेली. अर्ध्या दिवसात चार फाका निघाल्या. त्यांपैकी एक जिन्याच्या कठड्यासारखी पिळलेली होती, ती बाजूला ठेवली.

साल त्याच दिवशी काढली. या दिवसांत झाडात रस चढलेला असतो, त्यामुळे टोकाला थोडी सैल करून ओढली की साल लांबच्या लांब पट्ट्यांत सुटून येते आणि खाली ओला, गुळगुळीत, पिवळसर पांढरा पृष्ठभाग उघडा पडतो. हाच पृष्ठभाग धनुष्याची पाठ होणार असल्यामुळे त्याला सुरी किंवा रंधा लावायचा नाही. हिवाळ्यात साल काढायची वेळ आली असती तर ती तासून काढावी लागली असती आणि त्या तासण्यात खालचे तंतू दुखावण्याची भीती राहिली असती.

दोन्ही टोकांना तासाभराच्या आत उरलेला ऑइल पेंट जाड थराने फासला. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने बाहेर पडते आणि भेगा तिथूनच आत शिरतात.

25 जून 2023

पुण्यात घरी आणल्यावर सर्वांत सरळ फाक तासून 60 मिलिमीटर रुंद आणि 40 मिलिमीटर जाड केली. वजन 4.31 किलो भरले. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा आकड्याचा काटा यासाठी पुरेसा आहे.

पाठीवर केसासारख्या बारीक उभ्या भेगा दिसल्या. फाक लवकर वाळावी म्हणून ती पंख्याखाली ठेवली होती आणि साल नसलेल्या पाठीचा बाहेरचा थर आतल्या लाकडाच्या आधी आकसू लागला होता. भेगा तंतूंना समांतर असून काठाकडे वळत नव्हत्या, त्यामुळे फाक वाया गेली नाही. त्यांत पातळ फेविक्विक सोडले, पूर्ण पाठीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन हात दिले आणि फाक पंख्याखालून काढून खोलीच्या कोपऱ्यात दोन विटांवर आडवी ठेवली. पोटाची बाजू उघडीच ठेवली, कारण पाण्याला बाहेर जायला वाट हवी. हे सगळे साल काढली त्याच दिवशी करायला हवे.

20 ऑगस्ट 2023

वजन 3.62 किलो. खोलीतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास आहे आणि पोटावर राखाडी बुरशी आली आहे. बुरशी वरवरची असल्याने ती कोरड्या ब्रशने निघाली. खरी अडचण राखीव ठेवलेल्या दुसऱ्या फाकेत निघाली: तिच्या खाली जमिनीवर मैद्यासारखे बारीक पीठ पडले होते आणि कडेच्या पांढऱ्या लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोके होती. बाहेरचे पांढरे लाकूड पिष्टमय असते आणि भुंग्यांना तेच हवे असते. धनुष्याची पाठ नेमकी याच थरातून येत असल्यामुळे ती फाक आता दांड्यांच्याच कामाची राहिली आहे. उरलेल्या फाकांच्या उघड्या बाजूंना गरम पाण्यात विरघळवलेला टाकणखार ब्रशने लावला. यात पुन्हा थोडे पाणी लाकडात जाते, पण भुंगा लागण्यापेक्षा आठवडाभर जास्त वाळवलेले परवडते.

10 डिसेंबर 2023

सहा महिने झाले म्हणजे लाकूड वाळले असे समजून मोजमाप सुरू करण्यापूर्वी एक तपासणी केली आणि ती केली हे बरे झाले. फाकेच्या टोकापासून वीतभर आत एक चकती कापली, कारण अगदी टोकाचे लाकूड मधल्यापेक्षा नेहमीच जास्त कोरडे असते. चकतीचे वजन 126 ग्रॅम भरले. ती स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये 100 अंशांच्या थोड्या वर ठेवली आणि दर तासाला तोलली. वजन 110 ग्रॅमवर येऊन थांबले. म्हणजे 110 ग्रॅम कोरड्या लाकडात 16 ग्रॅम पाणी होते, साधारण साडेचौदा टक्के. धनुष्यासाठी आठ ते दहा टक्के हवेत. याहून ओले लाकूड वाकवले की मोडत नाही, मात्र पोटाचे तंतू दबून तसेच राहतात आणि धनुष्य दोरी उतरवल्यावरही वाकलेले दिसते. तो बाक पुढे लाकूड वाळल्यावर जात नाही.

जाड फाक आणखी महिनोन्महिने वाळत ठेवण्यापेक्षा आकार आधीच ढोबळ कापून घेणे शहाणपणाचे वाटले, कारण पातळ लाकूड लवकर वाळते. खाचेपासून खाचेपर्यंत (खाच म्हणजे टोकाशी दोरी अडकवायची जागा) लांबी 66 इंच धरली. माझी खेच 27 इंच आहे आणि मूठ न वाकणारी ठेवायची असेल तर धनुष्याची लांबी खेचीच्या दुपटीहून दहा-बारा इंच तरी जास्त असावी. मूठ चार इंच, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांचा उतार, तिथून पात्याच्या निम्म्या लांबीपर्यंत 44 मिलिमीटर रुंदी आणि पुढे टोकाकडे निमुळते. टोके शेवटी 12 मिलिमीटरची व्हायची आहेत, तरी आत्ता ती 20 मिलिमीटर ठेवली. त्याचे कारण पुढे 21 जानेवारीच्या नोंदीत येईल.

सहा इंची खोडाची पाठ बरीच गोल असते. 44 मिलिमीटर रुंदीत ती मधोमध काठांपेक्षा साडेतीन मिलिमीटर उंच भरते. या साडेतीन मिलिमीटरने फेब्रुवारीत फार त्रास दिला.

वरच्या पात्यावर पाठीच्या बाजूने एक गाठ आहे. तिच्याभोवतीचे तंतू नदीच्या पात्रातील खडकाला पाण्याने वळसा घालावा तसे वळले आहेत. काठ सरळ कापला असता तर ते वळसे तुटले असते, म्हणून पेन्सिलीची रेघ तंतूंबरोबर वळवून तिथे पाते तीन मिलिमीटर जास्त रुंद ठेवले आणि पाठीवरचा उंचवटाही तसाच राहू दिला.

ढोबळ आकाराचे वजन 1.18 किलो.

17 डिसेंबर 2023

खालचे पाते आडवे वाकडे आहे. दोन टोकांमध्ये दोरा ताणून धरला तर तो मुठीच्या मध्यावरून जाण्याऐवजी 32 मिलिमीटर बाजूने जातो. अशा धनुष्याची दोरी चढवली की ती पात्यावरून घसरून धनुष्य हातात उलटे फिरण्याची शक्यता असते. वाफेवर सरळ करायचे काम पूर्ण वाळवण्याच्या आधी केलेले बरे, कारण थोडा ओलावा असलेले लाकूड वाफेला लवकर वळते.

पहिला प्रयत्न पीव्हीसी पाइपात वाफ सोडून केला. अर्ध्या तासात पाइप स्वतःच मऊ होऊन मधोमध खाली लोंबला आणि ₹350 गेले. कुकरची शिट्टी काढून तिथे नळी जोडण्याचा उपायही अनेक जण सांगतात; नळी कुठे दुमडली तर कुकरचे काय होईल याचा विचार करून मी तो केला नाही. शेवटी लोखंडी घमेल्यात पाणी उकळत ठेवले, पाते त्यावर आडवे टाकले, वरून अॅल्युमिनियमचा कागद आणि त्यावर गोणपाट असे झाकले. पात्याची जाडी तेव्हा 22 मिलिमीटरच्या आसपास होती आणि प्रत्येक इंच जाडीला एक तास हा साधा हिशेब धरून सुमारे तासभर वाफ दिली. हातात जाड मोजे घालून ते लगेच एका जाड फळीवर तीन शिकंज्यांनी आवळले आणि मूळ रेषेच्या 10 मिलिमीटर पलीकडे वाकवून ठेवले, कारण शिकंजे सोडल्यावर लाकूड थोडे मागे येतेच. पाते वाफेवरून काढून फळीवर आवळण्यासाठी मिनिटभरापेक्षा जास्त वेळ मिळत नाही, म्हणून शिकंजे आधीच उघडून मापावर लावून ठेवावे लागतात.

21 जानेवारी 2024

शिकंजे आठवड्यानंतर सोडले तेव्हा 32 चे 6 मिलिमीटर राहिले होते. टोके 20 मिलिमीटर रुंद ठेवली होती ती यासाठीच: खाच टोकाच्या मध्यावर न घेता थोडी एका बाजूला घेतली की उरलेला फरक दोरीच्या रेषेतून निघून जातो आणि जास्तीचे लाकूड नंतर तासून टाकता येते.

त्यानंतर लाकूड एका प्लायवुडच्या खोक्यात ठेवले. तळाला जुन्या पद्धतीचा 60 वॉटचा बल्ब आणि वर हवा जायला बोटाएवढी भोके एवढीच त्याची रचना आहे. आतले तापमान 40 अंशांच्या आत आणि आर्द्रता 40 ते 45 टक्के राहिली. वजन 1.18 किलोवरून उतरत 1.12 किलोवर आले आणि आठवडाभर तिथेच थांबले, म्हणजे ओलावा नऊ टक्क्यांच्या जवळ आला. वजन थांबले हीच खरी खूण आहे. महिने मोजून काही कळत नाही.

पाते आता मरफ्याने (लाकडाच्या खरबरीत कानशीने) आणि दोन मुठींच्या सुरीने पोटाच्या बाजूने उतरवायला घेतले. लाकूड काढायचे ते फक्त पोटातून. येथे एक हिशेब डोक्यात पक्का ठेवावा लागतो: रुंदी निम्मी केली तर पात्याचा ताठपणा निम्मा होतो, पण जाडी निम्मी केली तर तो एक अष्टमांश उरतो. 16 मिलिमीटरचे पाते 14 मिलिमीटर केले की एक तृतीयांश जोर गेला. त्यामुळे मरफा 16 मिलिमीटरवर खाली ठेवला आणि पुढचे सगळे काम जुन्या करवतीच्या पत्र्याच्या तुकड्याने खरवडून केले. पोळीएवढे पातळ, कुरळे छिलके निघतात आणि काम कंटाळवाणे आहे, तरी हाताला थांबायला वेळ मिळतो.

4 फेब्रुवारी 2024

वाक जुळवायला सुरुवात केली. भिंतीवर एक भक्कम खुंटी, तिच्यावर मूठ टेकवलेले धनुष्य, सैल लांब दोरी, खाली जमिनीजवळ कप्पी आणि तिच्यातून माझ्याकडे आलेला दोर, अशी मांडणी केली. दोराच्या मध्ये तोच वजनकाटा अडकवला. धनुष्य मोडले तर तुकडे खाली किंवा समोर येतात, म्हणून ओढणारा माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला असावा. मागच्या भिंतीवर चुन्याने चौकटी आखल्या आणि मोबाइल तिवईवर एकाच जागी बांधून प्रत्येक वेळी छायाचित्र काढले. डोळ्यांना एक पाते दुसऱ्यासारखे दिसू लागते, छायाचित्रात तसे होत नाही.

ठरवलेला जोर 27 इंचांवर 40 पौंड होता. त्यामुळे कोणत्याही टप्प्यावर काटा 40 च्या पुढे जाऊ द्यायचा नाही, मग खेच कितीही कमी का असेना. आज 40 पौंड 17 इंचांवरच आले. खरवडल्यावर लगेच मापायचे नाही, वीस-तीस वेळा हलके ओढून मगच पाहायचे, कारण लाकडाला नवा आकार मानवायला तेवढी ओढाओढ लागते.

11 फेब्रुवारी 2024

आखूड दोरी चढवली. दोरीच्या बाबतीत पहिली निवड चुकीची ठरली. चामडे शिवायचा मेण लावलेला पॉलिस्टरचा दोरा एकत्र वळून दोरी केली होती, ती दुपारभरात इतकी ताणली की मूठ आणि दोरी यांमधले अंतर सहा इंचांवरून साडेचार इंचांवर आले. आता डेक्रॉनच्या (धनुष्याच्या दोरीसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या) बारा पदरांची दोरी वळली आहे. वरच्या टोकाला पीळ देऊन विणलेला फास आणि खालच्या टोकाला सोडता येणारी गाठ. दोरी तुटण्याचा भार धनुष्याच्या जोराच्या चौपट तरी असावा, आणि डेक्रॉनचा एक पदरच सुमारे 50 पौंडांचा असल्याने बारा पदर पुरेसे होतात. सातपुड्यातील भिल्लांच्या बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची दोरी असते. ती ताणली जात नाही हा तिचा मोठाच गुण, पण ती काढण्यासाठी लागणारा हात माझ्याकडे नाही.

दोरी चढल्यावर दिसले की ती वरच्या पात्यात मुठीच्या डावीकडे झुकते आहे. दोरी ज्या बाजूला झुकते ती बाजू कमजोर असते, म्हणून लाकूड समोरच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या पोटातून काढायचे. हे पहिल्यांदा उलटेच वाटते. जाडी मोजायचा कंपास लावून पाहिले तर उजवा काठ डाव्यापेक्षा दीड मिलिमीटर जाड निघाला. तो खरवडल्यावर दोरी मध्यावर आली. 40 पौंड आता 21 इंचांवर.

18 फेब्रुवारी 2024

वरच्या पात्यात उतारापासून सात इंचांवर धनुष्य बिजागरीसारखे मोडू पाहते आहे. छायाचित्रात तिथे स्पष्ट कोन दिसतो. पोटावर प्रकाश आडवा पाडून पाहिले तर अजून सुरकुती पडलेली नाही. आडवी बारीक सुरकुती दिसली असती तर तंतू दबून फाटले असे समजून पाते टाकूनच द्यावे लागले असते.

कारण शोधायला वेळ लागला, कारण जाडी मापून बरोबर येत होती. शेवटी लक्षात आले की कंपास मी सगळीकडे पात्याच्या मध्यरेषेवर लावत होतो आणि पाठ गोल असल्यामुळे तिथे जाडी सर्वांत जास्त असते. गाठीच्या अलीकडे पाठीचा उंचवटा एका काठाकडे सरकला आहे, त्यामुळे मध्यावर 14 मिलिमीटर दाखवणाऱ्या त्याच जागी एक काठ जेमतेम 9 मिलिमीटरचा राहिला होता. गोल पाठीच्या धनुष्यात दर दोन इंचांवर तीन मापे घ्यायला हवीत: मध्य आणि दोन्ही काठ.

कमजोर जागी लाकूड परत घालता येत नाही. एकच उपाय असतो, बाकीचे सगळे पाते आणि मग दुसरे पातेही तिच्या पातळीवर आणायचे. त्या जागी पेन्सिलीने मोठी फुली मारली, म्हणजे हात चुकूनही तिथे जाणार नाही. पाच इंच लांबीची एक सरळ पट्टी घेतली, तिच्या मध्यावर भोक पाडून त्यात पेन्सिलीचा तुकडा घट्ट बसवला. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर ही पट्टी ठेवली की मध्ये थोडी फट राहते. सर्वांत जास्त वाकणाऱ्या जागी त्या फटीत लाकडाला जेमतेम टेकणार नाही एवढी पेन्सिल बाहेर काढायची आणि पट्टी सगळ्या पात्यावरून फिरवायची. जिथे पाते कमी वाकते तिथे पेन्सिल आपोआप खुणा करत जाते. फक्त त्या खुणा खरवडून काढायच्या आणि पुन्हा पट्टी फिरवायची. छायाचित्रांनी जे दिवस घेतले ते या पट्टीने एका बैठकीत केले. ती पहिल्या दिवसापासून वापरायला हवी.

या दुरुस्तीत 40 पौंडांचे धनुष्य गमावले. 27 इंचांपर्यंत पोहोचेपर्यंत 34 पौंडच उरणार असे दिसते.

25 फेब्रुवारी 2024

25 इंचांच्या खेचीवर टक् असा आवाज आला. गाठीच्या शेजारी पाठीच्या काठावर दीड इंच लांब सोलपट उठले होते. तिथे काठ मी पुरेसा गोल केला नव्हता. गाठ सांभाळायच्या नादात तेवढा तुकडा पहिल्या करवतीच्या कापाइतकाच धारदार राहिला होता. धारदार काठावर ताण एकवटतो. बाकी सगळीकडे काठांना तीन-चार मिलिमीटरची गोलाई दिलेली आहे.

सोलपटाखाली सुईने पातळ इपॉक्सी सोडली, शिकंज्याने रात्रभर दाबून ठेवले, काठ गोल केला आणि त्यावर रेशमी दोऱ्याचे वेढे एकाला एक चिकटून दोन इंच लांबीभर घेऊन ते इपॉक्सीत भिजवले. तंतू मूळचेच तिरके कापले गेलेले असते तर एवढ्याने भागले नसते.

10 मार्च 2024

27 इंचांवर 34 पौंड. वरचे पाते खालच्यापेक्षा 4 मिलिमीटर जास्त वाकते, ते मुद्दाम तसे ठेवले आहे, कारण हात मुठीवर मध्याच्या खाली धरतो आणि बाण मध्याच्या वरून जातो. दोरी उतरवल्याबरोबर 22 मिलिमीटरचा बाक दिसतो आणि तासाभराने तो 15 वर येतो. नवख्याच्या कामाला हे ठीक आहे.

टोके 12 मिलिमीटरवर आणली, खाचा गोल कानशीने घासल्या आणि मुठीला चामड्याची पट्टी गुंडाळली. पॉलिश पेपरने घासून सगळ्या धनुष्याला जवसाच्या तेलाचे चार हात दिले. तेलाने पोटाच्या मधल्या भागातील लालसर तपकिरी रंग उठून आला. धनुष्याचे वजन 585 ग्रॅम.

खर्च साधारण ₹4,500 झाला. डेक्रॉनची रीळ त्यात सर्वांत महाग होती, त्याखाली शिकंजे, मग वजनकाटा आणि इपॉक्सी. पाइपाचे ₹350 यात धरले आहेत. लाकूड फुकट मिळाले आणि हत्यारांपैकी मरफा व पाचरा उसन्या होत्या.

सराव गवताच्या दाबलेल्या गठ्ठ्यावर, मागे मातीचा बांध असलेल्या जागी करतो आहे. बाण 22 ग्रॅमपेक्षा हलका वापरायचा नाही, कारण हलक्या बाणाला न दिलेला जोर पात्यांतच राहतो. रिकामी दोरी सोडणे तर कधीच नाही. शिकारीचा विचारही कुणी करू नये, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती गुन्हा आहे.

14 जुलै 2024

मार्चपासून धनुष्य चांगले चालले होते. पावसाळा लागल्यावर बाण खाली पडू लागले तेव्हा आधी माझ्या सरावावर शंका घेतली. काट्यावर मापले तर 27 इंचांवर 30 पौंडच आले आणि दोरी उतरवल्यावरचा बाक तासाभरानंतरही 24 मिलिमीटर राहिला. धनुष्य तोलले: 612 ग्रॅम. म्हणजे मार्चपासून लाकडाने 27 ग्रॅम पाणी हवेतून ओढून घेतले होते आणि ओलावा 13 टक्क्यांच्या पुढे गेला होता.

जवसाचे तेल पाण्याचा थेंब थोडा वेळ थोपवते, हवेतील बाष्प ते जवळजवळ अडवतच नाही. लाख बाष्पाला बरीच जास्त अडवते. मागच्या वर्षीच्या जूनमध्ये पाठीवर लाख लावली होती आणि तिथे ती काम करते हे डोळ्यांसमोर होते, तरी शेवटच्या लेपाच्या वेळी केवळ रंग चांगला दिसतो म्हणून तेल निवडले.

धनुष्य पुन्हा बल्बच्या खोक्यात ठेवले आहे. दोरी चढवणे बंद.

18 ऑगस्ट 2024

खोक्यात वजन 590 ग्रॅमपर्यंत उतरले. बाहेर काढून त्याच दिवशी पॉलिश पेपरने वरचे तेल घासले, स्पिरिटने पुसले आणि लाखेचे पातळ पाच हात दिले. पावसाळी दमट हवेत लाख लावली की ती दुधाळ पांढरी पडते. पहिला हात तसाच पडला. तो स्पिरिटच्या फडक्याने पुसून काढला आणि पुढचे हात खोली बंद करून, बल्ब लावून, दुपारी दिले. गाठीभोवती, खाचांत आणि मुठीच्या चामड्याखालीही लाख पोहोचली पाहिजे, नाहीतर ओलावा तिथून शिरतो. म्हणून चामडे सोडवून पुन्हा गुंडाळावे लागले.

त्यानंतर खोलीची आर्द्रता 85 टक्के असतानाही वजन 592 ते 596 ग्रॅमच्या दरम्यान राहिले आहे. जोर 27 इंचांवर 33 पौंड. वाढलेल्या बाकापैकी काही परत गेला, 19 मिलिमीटर उरला आहे, आणि तो आता जाईल असे वाटत नाही. 600 ग्रॅमच्या वर गेले की दोरी चढवायची नाही, असा नियम केला आहे आणि तो आकडा मुठीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

राहिलेल्या फाकेतून 40 पौंडांचे धनुष्य करायचे आहे. तिच्यावर गाठ नाही, मात्र तिची पाठ याहूनही गोल आहे, त्यामुळे रुंदी 50 मिलिमीटर ठेवून काठांची जाडी सुरुवातीपासूनच वेगळी लिहीत जाणार आहे. तिचा ओलावा चकती भाजून मोजायचे काम पाऊस गेल्यावर.